शेजाऱ्याचे भांडे त्याच दिवशी परत करावे का?

मांडवीकाठ, माशेल

आमच्या घरात सध्या एका गोष्टीवरून दोन तट पडले आहेत आणि तसे ते इतरही घरांत पडत असतील असे वाटते, म्हणून हा धागा काढला आहे. कोणी आपण होऊन आपल्यासाठी काही केले, तर ते घ्यावे कसे, आणि परतफेड करायची झाल्यास ती केव्हा करावी, असा प्रश्न आहे.

निमित्त सांगते. ऐन पावसात आमचे यजमान परसातल्या शेवाळावरून घसरले आणि पायाचे हाड मोडले. त्यांना बांबोळीच्या इस्पितळात नेण्यापासून प्लास्टर निघेपर्यंत वाड्यावरच्या माणसांनी जे केले, ते आम्ही कोणाकडे मागितले नव्हते. समोरच्या घरातला मुलगा तपासणीच्या प्रत्येक दिवशी सकाळीच गाडी घेऊन दारात उभा राहत असे. मागल्या घरातली ख्रिस्ती शेजारीण, जिला सगळा वाडा मावशी म्हणतो, दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि सोबत सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर पाठवत असे. श्रावण लागला तसे कोणी काही न सांगता तिच्या डब्यातली किसमूर बंद झाली आणि अळसांद्यांचे तोंडाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची आमटी, येऊ लागले. आता यजमान काठीशिवाय चालतात आणि त्यांनी मोबाइलमध्ये एक यादी केली आहे. गाडीवाल्या मुलाला पेट्रोलचे पैसे पाकिटात घालून द्यायचे, मावशीला पणजीहून काहीतरी भारीपैकी आणायचे, दूध आणून देणाऱ्याला मनगटी घड्याळ, आणि हे सगळे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आत उरकून मोकळे व्हायचे. 'मोकळे' हा शब्द त्यांचाच आहे.

माझा या यादीला विरोध आहे आणि त्याचे कारण माझी आई. शेजारून आलेले ताट किंवा डबा रिकामा परत जाऊ नये, हा रिवाज आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आईचा त्यापुढचा एक नियम होता आणि तो मी दुसऱ्या कोणाच्या घरी पाहिलेला नाही. "आयदन त्याच दिसा परत धाडूं नाका," असे ती आम्हा भावंडांना बजावत असे. आलेले भांडे घासून, पुसून फडताळाच्या खालच्या कप्प्यात उपडे घालून ठेवायचे आणि चार-आठ दिवस जाऊ द्यायचे. मग परसात काही आले, घरात काही गोडधोड झाले, की त्यातून ते भरून जायचे. नाताळात मावशीकडून कुस्वाडाचे ताट येई, दोदोल, नेवऱ्या, कुलकुल असे ते गच्च भरलेले असे, आणि आई ते जानेवारीत कधीतरी तांबड्या भाजीच्या दोन जुड्या घालून परत पाठवी. लहानपणी मला याची लाज वाटत असे. एवढ्या मोठ्या ताटात दोन जुड्या! आईचे म्हणणे असे, की दिल्याघेतल्याची किंमत जुळवायला आपण बाजारात बसलेलो नाही, आणि भांडे दुपारी येऊन संध्याकाळी काही घालून परत गेले, तर देणाऱ्याला वाटते की आपण दिलेले या घराला जड झाले.

तिची आणखी एक शिस्त होती. कोणी काही आणून दिले, की 'कशाला उगाच', 'राहू दे हो', 'तुम्ही का त्रास घेतलात' ही आपली नेहमीची पालुपदे ती लावू देत नसे. फार तर एकदा म्हणावे, मग दोन्ही हातांनी घ्यावे, 'देव बरें करूं' म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी भेट झाली की ते कसे लागले, कोणी किती खाल्ले, हे नीट सांगावे. ते सांगणे तिच्या लेखी सर्वांत महत्त्वाचे होते.

यजमानांना हे पटत नाही. त्यांच्या मते उपकार अंगावर बाळगणे म्हणजे आळस. आपल्याला घरी काय शिकवले गेले, ते वाचायला आवडेल.

नोंदवही, मडगाव

मी यजमानांच्या बाजूचा आहे. घेतलेले भांडे वेळेवर परत करणे ही साधी सभ्यता आहे. तुमच्या फडताळात पडलेला डबा त्या बाईंना सकाळी मुलाच्या शाळेसाठी हवा असू शकतो. आमच्या इमारतीत तर दर दोन महिन्यांनी कोणाचे झाकण कोणाकडे राहिले यावरून रुसवेफुगवे होतात.

आता वडिलांविषयी. ते एका किराणा दुकानात हिशेबनीस होते आणि घरीही त्यांची एक लाल पुठ्ठ्याची वही असे. बाहेरून ती आहेराच्या वहीसारखी दिसे, पण आत पैशांच्या नोंदी थोड्या आणि माणसांच्या जास्त होत्या. कोणी पावसाआधी कौले शाकारायला आला, कोणी आजीच्या बाराव्याला विहिरीचे पाणी ओढून दिले, कोणी माझ्या बहिणीच्या बाळंतपणात रात्री टॅक्सी बोलावून आणली, असे एकेका ओळीत नाव, गाव आणि तिथी लिहिलेली असे. ते मला म्हणत, "घेतलेले विसरणारा माणूस देतानाही विसरतो." त्यांच्या माघारी ती वही माझ्याकडे आली. अजूनही एखाद्याच्या घरी लग्न किंवा मर्तिक कळले, की मी ती उघडतो आणि नाव सापडले तर गाडी काढतो. मांडवीकाठ यांच्या मातोश्रींचा नियम गोड आहे, पण चार-आठ दिवस जाऊ दिले की पुष्कळ लोक विसरतातच, हे व्यवहारात दिसते.

दोन्हीकडची, पेडणे

नोंदवही यांची वही मला आवडली, परंतु तिच्यात 'परत केले' असा रकाना होता का, हे विचारावेसे वाटते. रकाना नसेल, तर ती वही मांडवीकाठ यांच्या आईच्याच बाजूची आहे.

माझे माहेर सावंतवाडीचे आणि सासर गोव्याचे, त्यामुळे मला दोन्हीकडचे रिवाज थोडे दुरून पाहता येतात. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेरहून आलेले वजें, म्हणजे मुलीच्या सासरी पाठवायचे फळा-फराळाचे ओझे, उतरवले, तेव्हा वाड्यावरच्या बायकांनी नेवऱ्यांपासून फळांपर्यंत सगळ्याची मनातल्या मनात मोजदाद केली होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होते. वजें ही रूढी आहे आणि तिच्यात माझ्या वडिलांना नाही म्हणायची सोय नव्हती. तिला मी प्रेमाने दिलेल्या वस्तूंच्या धाग्यात घेणार नाही. वडील एवढेच म्हणाले होते, की तिकडे तुला कोणी काही प्रेमाने दिले, तर हे वजें आठवून त्याचा तोल करू नकोस.

माझी खरी अडचण निराळी आहे. शेजारून नाताळात बेबिंक येते. त्यात अंड्यांचा बलक असतो आणि आमच्या सासूबाई अंडे खात नाहीत. पूर्वी सासूबाईंच्या सासूबाई ते ताट हसून घेत आणि दार लावले की गडीमाणसांना देऊन टाकत, असे मी ऐकले आहे. जुन्या काळी कित्येक घरांत ख्रिस्ती घरचे शिजवलेले चालत नसे आणि फळे किंवा नारळ एवढाच व्यवहार राही, हे आपण सगळे जाणतो, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. आता प्रश्न सोवळ्याचा नाही, आहाराचा आहे. जे आपण खाणार नाही ते 'छान झाले होते' म्हणून घ्यावे का?

मांडवीकाठ, माशेल

याबाबतीत आईने काय केले ते सांगते. आमच्या आजीही अंडे खात नसत. आईने पहिल्याच वर्षी ताट घेतले, तोंड भरून कौतुक केले आणि दोन दिवसांनी मावशीला सांगितले, की बेबिंक मुलांनी फस्त केले, सासूबाई मात्र अंड्याचे खात नाहीत, त्यांनी दोदोल चाखला आणि तो त्यांना फार आवडला. पुढच्या नाताळापासून ताटात एका कोपऱ्यात केळीच्या पानात गुंडाळलेला दोदोलाचा वेगळा तुकडा येऊ लागला आणि तो आजीचा, हे सगळ्यांना ठाऊक असे. खोटे कौतुक केले असते, तर दरवर्षी एक पदार्थ वाया गेला असता आणि मावशीला ते कधीच कळले नसते. श्रावणात आमच्या डब्यात तोंडाक येते, त्याचे मूळही बहुधा तिथेच आहे.

दर्यावर्दी, वास्को

सगळे गोड गोड चालले आहे, म्हणून थोडे कडू लिहितो.

मी वर्षातले बरेच महिने जहाजावर असतो. 2020 च्या टाळेबंदीत अनेक गोमंतकीय खलाशी जहाजांवरच अडकले होते, त्यांत मीही होतो, आणि घरी आई एकटी होती. तिची रक्तदाबाची औषधे, गॅसचा सिलिंडर, बँकेतून पैसे काढणे, हे सगळे शेजारच्या गृहस्थांनी केले. त्या दिवसांत घराबाहेर पडणेही जिवावरचे होते आणि त्यांनी ते निभावले, हे मी कधीही नाकारणार नाही. दोनेक वर्षांनी त्यांनी आमच्या कुंपणाच्या आतून त्यांच्या मागल्या प्लॉटला वाट मागितली. मी कायद्याच्या गोष्टी काढताच त्यांनी सरळ विचारले, की तुझ्या आईची औषधे आणताना मी कायदा पाहिला होता का? मी वाट दिली नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

माझे वडील म्हणत असत, की ज्याच्यासमोर उद्या मान वर करून नाही म्हणता येणार नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये. गाव लहान असतो, पंचायतीची निवडणूक येते, हद्दीचे वाद निघतात, देवस्थानात मानपानाचे प्रश्न उपस्थित होतात आणि जुना उपकार अशा वेळी नेमका वर येतो. तेव्हा यजमानांना 'मोकळे' व्हायचे आहे, यात मला आळसही दिसत नाही आणि उर्मटपणाही दिसत नाही. त्यांना मिंधेपणाची भीती वाटत असेल, तर ती खरी भीती आहे.

गंमत अशी, की माझी आई या प्रकरणात वडिलांच्या शिकवणीपेक्षा वेगळे वागते. ती अजूनही त्या गृहस्थांना रस्त्यात थांबवून विचारपूस करते. "वाट मागितली ते वाईट केले आणि औषधे आणली ते चांगले केले, दोन्हींची बेरीज कशाला करायची?" असे तिचे म्हणणे. मला अजून ते जमत नाही.

मांडवीकाठ, माशेल

दर्यावर्दी यांचा मुद्दा टाळून हा विषय पुढे जाऊ शकत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. एका दिवाळीला एका कंत्राटदाराकडून आमच्याकडे काजूगर आणि सुकामेव्याची पेटी आली. पेटीवर चकचकीत कागद होता, आम्ही मुले तिच्याभोवती गोळा झालो होतो. आईने ती उघडू दिली नाही. तिने आणणाऱ्या माणसाला पाणी दिले आणि तो गेल्यावर माझ्या थोरल्या भावाला सायकलवरून ती पेटी, कागदासकट, दिवेलागणीच्या आत परत पोचती करायला पाठवले. सोबत काही घातले नाही. आमच्या घरातून त्याच दिवशी परत गेलेली ती एकच वस्तू मला आठवते.

मोठेपणी मला त्यातली संगती कळली. त्याच दिवशी परत पाठवणे म्हणजे नाकारणे, हे आईच्या मनात पक्के होते, आणि म्हणूनच ज्यांचे नाकारायचे नाही त्यांचे भांडे ती घाईने परत पाठवत नसे. नाकारायचे असेल तर लगेच आणि संपूर्ण नाकारावे; घ्यायचे असेल तर पुरते घ्यावे. घेऊन वर लगोलग किंमत चुकती करणे तिला दोहोंच्या मधले, धड ना इकडचे ना तिकडचे, वाटत असावे. कंत्राटदाराला वडिलांकडून काय हवे होते ते तिला ठाऊक होते. मावशीला आमच्याकडून काही नको होते. देणाऱ्याचे आपल्याकडे काही काम अडले आहे का, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उलगडा होतो.

तुमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र हे आधी कळणे शक्य नव्हते, हे मान्य. टाळेबंदीत त्यांनाही वाटेची कल्पना नसेल. तुमच्या मातोश्री दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतात, ते मला आमच्या आईपेक्षाही अवघड वाटते.

खडूफळा, म्हापसा

निवृत्त शिक्षक असल्याने थोडे पुस्तकी लिहिण्याची परवानगी असावी.

आपल्या परंपरेत देण्यावर भरभरून लिहिले गेले आहे आणि घेण्याकडे बहुधा संशयाने पाहिले गेले आहे. ब्राह्मणाच्या षट्कर्मांत दानाबरोबर प्रतिग्रह, म्हणजे दान घेणे, हे कर्म सांगितले खरे, पण लगेच स्मृतिकारांनी बजावले, की प्रतिग्रहाची पात्रता असली तरी त्याच्या फार आहारी जाऊ नये, त्याने तेज ओसरते. दर्यावर्दी यांच्या वडिलांची भीती इतकी जुनी आहे. दुसऱ्या बाजूला गीतेच्या 17व्या अध्यायात सात्त्विक दान कोणते, तर ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही अशा माणसाला, योग्य स्थळी आणि योग्य वेळी दिलेले, असे म्हटले आहे, आणि परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले ते राजस. आता विचार करा, की सगळेच जण यजमानांसारखे चवथीच्या आत यादी उरकू लागले, तर बिचाऱ्या मावशींना सात्त्विक दान करण्यासाठी माणूस तरी कुठून मिळावा?

पण मला खरा धडा ग्रंथांपेक्षा मुंजीत दिसतो. बटूला भिक्षा मागायला लावतात आणि पहिली भिक्षा आई घालते. नाही म्हणणार नाही अशाच बाईकडे, म्हणजे आई, बहीण किंवा मावशीकडे, प्रथम मागावे, असे मनूनेच सांगून ठेवले आहे. सुखवस्तू घरातल्या, गळ्यात साखळी घातलेल्या मुलालाही झोळी पुढे करावी लागते. आज भिक्षावळ म्हणजे चॉकलेटे, नोटा आणि छायाचित्रे एवढेच उरले आहे, तरी मुलाला मागण्याची आणि घेण्याची पहिली सवय आईच्याच हातून लावावी, ही त्यामागची योजना मला फार शहाणपणाची वाटते. माझ्या आईने भिक्षा घालताना माझे हात धरून झोळी सरळ केली होती, कारण मी लाजून ती अर्धी मिटून घेतली होती. मुलींना मात्र ही तालीम मिळाली नाही. त्यांना देण्याचीच तालीम मिळाली, आणि म्हणून कित्येक बायका स्वतः आजारी पडल्यावरसुद्धा कोणाला पेलाभर पाणी आणून देऊ देत नाहीत, असे मी आमच्याच घरात पाहतो.

वाळपईचा वाटसरू

खडूफळा सर, मागण्यापेक्षा न मागता रांगेत उभे राहणे कठीण असते, हे मी स्वतः पाहिले आहे.

23 जुलै 2021 रोजी म्हादई नदीचे पाणी चढले आणि आमच्या सत्तरी तालुक्यात कित्येक मातीची घरे कोसळली. आमच्या घराची मागली भिंत गेली, माळ्यावरचे भात भिजले. माझे वडील कुळागराचे धनी, आयुष्यभर दुसऱ्यांना सुपाऱ्या, नारळ, केळीचे घड देत आलेले. त्यांना तांदळाच्या पिशवीसाठी शाळेच्या पडवीत उभे राहावे लागले. मदत घेऊन अनेक गट आले आणि त्यांतले बहुतेक मुकाट्याने राबून गेले. एका गटाने मात्र फलक धरून, पिशवी देताना छायाचित्र काढू, असा आग्रह धरला. आमच्या पिढीतली मुले उसळली आणि पिशव्या नकोत म्हणाली. वडील पुढे झाले, पिशवी घेतली, छायाचित्र काढू दिले, आणि मग त्या गटातल्या पोरांना पडवीच्या कठड्यावर बसवून गूळ-पाणी दिले. वाचलेल्या सामानात गुळाची एक ढेप होती, तिचाच तो तुकडा होता. मी चिडलो तेव्हा ते म्हणाले, "फलक ज्याने पाठवला तो वेगळा आणि कमरेएवढ्या चिखलातून पिशवी आणणारा वेगळा. मी आणणाऱ्याच्या हातून घेतली."

त्या गटाचे वागणे मला आजही पटत नाही आणि वडिलांच्या सौजन्यामुळे ते योग्य ठरत नाही. संकटात सापडलेल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. पण वडिलांनी दुसरी एक गोष्ट केली ती इथे सांगण्याजोगी आहे. जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले होते, त्यांत फाटलेले बरेच होते. वडिलांनी उपयोगाचे तेवढे बाजूला काढले आणि बाकीचे आणणाऱ्यांकडे परत दिले. त्यांना स्वच्छ सांगितले, की हे आमच्या कामाचे नाही, आम्हाला ताडपत्री आणि चुलीसाठी कोरडी लाकडे हवी आहेत. दोन दिवसांनी ताडपत्र्या आल्या. कृतज्ञ माणसाने मिळेल ते निमूट घ्यावे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती त्यांनी मानली नाही.

नवा बाबा, पर्वरी

चर्चा मोठ्यांची चालली आहे, मला लहानांविषयी विचारायचे आहे. मुलगा पहिलीत आहे. आम्ही त्याला शिकवले, की अनोळखी माणसाकडून काही घ्यायचे नाही, आणि ते तो पाळतो. झाले असे, की तो ओळखीच्यांकडूनही घेईनासा झाला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी त्याला मानकुराद आंबा दिला, तर तो हात मागे बांधून उभा. आजींचा चेहरा पडला. मानकुरादाचा भाव पाहता मीच घेतला असता!

दोन्हीकडची, पेडणे

आमच्याकडे मुलांसाठी एक साधा शिरस्ता आहे. कोणी काही दिले, की मुलाने आईबाबांकडे पाहायचे. जवळ नसतील तर 'घरी विचारून येतो' म्हणायचे. आपण मान हलवली, की मग मात्र मुलाने स्वतःच्या हाताने घ्यायचे आणि स्वतःच्या तोंडाने आभार मानायचे. घोटाळा आपण करतो. मान हलवायच्या आधी आपणच तीनदा 'नको हो, सवय लागेल' म्हणतो आणि मूल तेच उचलते. आंब्याच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. मुलाला घेऊन वर जा आणि त्यालाच आंबा मागू द्या.

नोंदवही, मडगाव

दोन्हीकडची यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. काल वही काढून पाहिली. 'परत केले' असा रकाना नाही. काही नावांपुढे बारीक अक्षरात नव्या नोंदी आहेत, 'मुलाला नोकरी लागली', 'घर बांधले', 'आता मुंबईस असतात', अशा. म्हणजे वडील त्या माणसांचा माग ठेवत होते. तेव्हा ती वही तुमच्या बाजूची आहे, असे म्हणायला मी तयार आहे. भांडे मात्र मी त्याच दिवशीच परत करणार. इमारतीत फडताळे लहान असतात.

गालजीबाग, काणकोण

एक व्यावहारिक शंका. गाडीवाला मुलगा कमावता आहे का? नसेल, तर माशेलहून बांबोळीपर्यंतच्या इतक्या खेपांचे पेट्रोल त्याच्या वडिलांच्या खिशातून गेले असणार. भावनेपोटी आपण गरिबाचा खर्च विसरतो आणि त्याला मोठे मन असे नाव देतो. मावशींच्या पेजेची किंमत करू नये हे पटते, पण पेट्रोल पंपावर रोख मोजून मिळते. माझी आई वाड्यावर कोणी डोलीसारखे उचलून आजाऱ्याला मोठ्या रस्त्यापर्यंत नेले, तर त्यांना जेवू घालत असे, आणि त्यात कोणी रोजंदारीवाला असेल तर त्याच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे निराळे, दुसऱ्या कोणाला न दिसता देत असे. बाकीच्यांना ती पैसे देत नसे, दिले असते तर ते रागावले असते. सगळ्यांना एकच माप लावायचे नाही, एवढे ती जाणत होती.

मांडवीकाठ, माशेल

गालजीबाग यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. मुलगा कमावता नाही, शेवटच्या वर्षाला शिकतो आहे. यजमानांना हा प्रतिसाद वाचून दाखवला आणि त्यांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. तो मुद्दा मी त्यांना देऊन टाकला आहे. फक्त पाकीट नको, असे ठरले. त्याच्या वडिलांशी यजमान स्वतः बोलतील, पेट्रोलाचे म्हणून स्पष्ट सांगून पैसे देतील आणि त्याच्या वेळाची, पहाटे उठण्याची किंमत त्यात मिळवणार नाहीत. घड्याळ रद्द झाले आहे. दूधवाल्या मुलाला ते हातात घालायला आवडत नाही, हे आमच्या मुलीने सांगितले. पणजीची भारी खरेदी अजून वादात आहे.

मावशीकडे काल मी यजमानांनाच पाठवले. पायाचे दुखणे सुरू झाल्यापासून ते तिच्याकडे गेले नव्हते, डबे मीच पोचवत होते. तोंडाक कोणत्या दिवशी अधिक चांगले झाले होते यावर दोघांचे एकमत झाले नाही, आणि जाताना नेलेला आमचा डबा तिने ठेवून घेतला आहे.